पुसलेल्या पानांचा माग

दसरा उलटला की आमच्या नगरात घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेची जुनी सवय सुटायला थोडा वेळ लागतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) डबे घासले जातात, रद्दीवाला दोनदा फेरी मारतो, आणि नको म्हणून टाकलेल्या वस्तूंबरोबर हवी असलेली एखादी वस्तू हमखास घराबाहेर जाते. हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मात्र ही आवराआवर अलीकडे संगणकातही शिरली आहे, हे माझ्यासारख्या त्या धंद्यातल्या माणसाला अधिक जाणवते. संगणकांची दुरुस्ती आणि देखभाल हा माझा सत्तावीस वर्षांचा व्यवसाय. ‘अहो, सगळ्या फायली गेल्या हो!’ असा टाहो फोडत येणारी मंडळी मला बारा महिने भेटतात. पण त्यांची खरी गर्दी होते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि मार्चअखेरीस. दोन्ही हंगाम साफसफाईचे!

त्यांतही एकट्याच्या संगणकावरची फाइल गेली तर दुःख एकट्याचे असते. खरा कल्लोळ उडतो तो सामाईक ड्राइव्हवरची फाइल गेली म्हणजे. कचेऱ्यांत, शाळांत, पतसंस्थांत हल्ली एका संगणकावर सर्वांचे दप्तर ठेवतात आणि बाकीच्या संगणकांवरून तारेने किंवा बिनतारी ते उघडता येते. एकत्र कुटुंबातल्या कोठीसारखाच हा प्रकार. धान्य एका खोलीत, आणि चारही सुना तिथूनच शिधा काढणार. सोय मोठी, खर्च कमी. फरक एवढाच की, जुन्या घरात कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असे. इथे किल्ली सगळ्यांकडे आणि केरसुणीही सगळ्यांकडे.

आता एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्याच संगणकावरची फाइल आपण पुसली तर ती ‘रिसायकल बिन’ नावाच्या कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडते आणि तिथून उचलून परत ठेवता येते. सामाईक ड्राइव्हवरची फाइल पुसली, की ती सहसा कोणत्याच टोपलीत जात नाही. फाइल मुळात दुसऱ्या यंत्रातली. तुमच्या टोपलीचा आणि तिचा संबंध नाही. ते दूरचे यंत्र हुकूम मिळताच ती आपल्या यादीतून काढून टाकते. काही यंत्रांत स्वतःची टोपली ठेवण्याची सोय असते, पण ती कुणीतरी आधी चालू करून ठेवलेली असावी लागते. पुसण्यापूर्वी संगणक एकदा विचारतो, ‘कायमची काढून टाकू ना?’ पण तो विचारतो इंग्रजीत, आणि परक्या भाषेतल्या प्रश्नाला होकार देऊन मोकळे होणे ही आपल्या कचेऱ्यांची फार जुनी रीत आहे.

प्रवरेच्या काठच्या एका शाळेत २०२५ च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले. शाळेचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण हे कुठेही घडू शकते.

शाळा जुनी. प्रवेश-निर्गमाची रजिस्टरे इंग्रजी अमदानीपासूनची. ही रजिस्टरे म्हणजे काय चीज आहे, हे शहरातल्या वाचकांना कदाचित एकदम ध्यानात येणार नाही. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, जात, शाळेत आल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख एवढाच मजकूर. पण पणतूला जातीचा दाखला हवा असला, की पणजोबाच्या नावासमोरच्या त्या एका रकान्यावर सारे येऊन ठेपते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरंभी मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे सबंध राज्यात वाढले, आणि गावोगावच्या शाळांत वर्षानुवर्षे कोणी न उघडलेली रजिस्टरे एकदम बाहेर निघाली. या शाळेतही निघाली. एका माजी विद्यार्थ्याने पदरमोड करून सगळ्या पानांची छायाचित्रे घेतली. अकराशे चाळीस पाने! ती कचेरीतल्या सामाईक ड्राइव्हवर ठेवली. नंतरच्या पावसाळ्यात कचेरीचे छत गळले, कपाट भिजले, आणि जुन्या रजिस्टरांची पाने एकमेकांना चिकटून पापडाच्या लाटीसारखी झाली. छायाचित्रे आहेत म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण मोबाइलमधून काढून ठेवायला जागा हवी होती. एका तरुण शिक्षकांनी पाहिले तर ‘जुने रजिस्टर’ आणि ‘जुने रजिस्टर नवीन’ असे दोन फोल्डर. नावे सारखी, म्हणजे एक दुसऱ्याची प्रत असणार, असे कुणालाही वाटेल. मोठा होता तो त्यांनी काढला. मोठा होता, कारण छायाचित्रे त्यातच होती. ‘नवीन’ फोल्डरमध्ये होती ती नुसती नावांची टंकलेली यादी. ही चूक ध्यानात आली चार दिवसांनी. एक शेतकरी गृहस्थ आपल्या आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा मागायला आले. मुलगी बारावी झालेली, पुढच्या प्रवेशासाठी दाखल्याचे प्रकरण दाखल करायचे होते, आणि मुदतीला उरले होते नऊ दिवस.

मला बोलावणे आले तेव्हा कचेरीत सुतक पडल्यासारखी शांतता होती. ते तरुण शिक्षक एका कोपऱ्यात उभे. मुख्याध्यापिकाबाईंनी मला चहासुद्धा विचारला नाही, एकदम म्हणाल्या, “परत येईल का, तेवढे सांगा.”

मी म्हणालो, “आधी त्या यंत्राची तार काढा. आता त्यात कुणी काही लिहायचे नाही.”

याचे कारण सांगितले पाहिजे. फाइल पुसली म्हणजे ती जागच्या जागी नष्ट होते, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे नसते. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेत काही उडून जात नाही. ते जागेवरच असते. त्यातली कापणी झालेल्या पिकाची धसकटेसुद्धा तशीच उभी असतात. डिस्कच्या यादीत फक्त एवढीच नोंद होते, की ही जमीन आता मोकळी आहे, कुणीही पेरावी. नवा नांगर फिरेपर्यंत जुने सारे तिथेच असते. म्हणून फाइल गेल्याचे कळताक्षणी त्या डिस्कवर काही नवे साठवणे बंद करणे हा पहिला आणि सर्वांत मोठा उपाय. पुष्कळ लोक घाबरून त्याच डिस्कवर फायली परत आणण्याची प्रोग्रॅम-सामग्री उतरवतात. म्हणजे धसकटे शोधायची म्हणून सारे शेतच नांगरायचे!

इथे एक इशारा देऊन ठेवतो. हे सारे फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कला लागू. नव्या लॅपटॉपमध्ये ज्या चकतीविना, चिपच्या डिस्क येतात त्या फार कामसू असतात. पुसलेली जागा त्या आपण होऊन झाडून स्वच्छ करतात, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तिथून काही निघत नाही. शाळेचे यंत्र जुने, मंद, घरघर करणारे होते. त्या दिवशी ते मला फार देखणे वाटले.

पण धसकटे उकरण्यापूर्वी एक सोपी वाट तपासायची असते. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या आपल्या सर्व्हर-प्रणालीत एक सोय आणली: ठराविक वेळी सामाईक ड्राइव्हची ‘सावली’ घेऊन ठेवायची. ती चालू केली आणि वेळापत्रक बदलले नाही, तर कामाच्या दिवशी सकाळी सात आणि दुपारी बारा वाजता अशी सावली घेतली जाते. एका ड्राइव्हच्या चौसष्टपर्यंत सावल्या ठेवता येतात, आणि जागा संपली की जुन्यातली जुनी आधी जाते. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रीव्हियस व्हर्शन्स’ हे पान उघडले, की परवाचा, तेरवाचा फोल्डर जसाच्या तसा समोर येतो. पाच मिनिटांचे काम. माझ्या अनुभवात कचेऱ्यांतल्या निम्म्या रडारडी इथेच थांबतात. या शाळेत ती सोय चालू होती, पण ज्या ड्राइव्हवर काही नव्हते त्याच्यासाठी. जिथे दप्तर होते तिथे नव्हती. वेगळी बॅकअप डिस्क होती. ती दीड वर्षापूर्वी एका कपाटात ठेवली होती आणि त्या कपाटाची किल्ली बदली झालेल्या कारकुनाबरोबर गेली होती. कुलूप फोडून पाहिले तर डिस्क कोरी करकरीत, वेष्टनासकट.

तेव्हा दुसरा मार्ग. सबंध डिस्कची कणाकणाने नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली, कारण मूळ वस्तूला हात न लावता नकलेवर काम करावे हा आमच्या धंद्यातला धर्म आहे. मग शोध. या शोधाची गंमत जुन्या पोथ्या पाहिलेल्यांना चटकन कळेल. पोथी ‘श्रीगणेशाय नमः’ने उघडते आणि ‘शुभं भवतु’ने मिटते. समजा, शंभर पोथ्यांची पाने सुटून एकत्र झाली, तरी या दोन खुणांवरून कुठली कुठे सुरू झाली आणि संपली, हे ओळखता येते. छायाचित्राच्या फायलीलाही आरंभी आणि शेवटी अशाच ठरलेल्या खुणा असतात. प्रोग्रॅम डिस्कभर त्या खुणा हुंगत जातो आणि मधला मजकूर उचलतो. रात्रभर यंत्र घरघरत होते. सकाळी मोजदाद केली: एक हजार तीन पाने सबंध, शंभरावर अर्धवट. त्यांतली पुष्कळशी वरून स्वच्छ आणि खाली राखेचा पट्टा, आणि काहींच्या जागी स्नेहसंमेलनातल्या लेझीमचे तुकडे. नांगर तेवढ्या भागावरून फिरला होता.

मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र पुढचा डोंगर दिसत होता. अशा शोधात मजकूर मिळतो, नाव मिळत नाही. रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, साल सारे यादीत होते, आणि यादी गेलेली. हाती उरली होती ती एक ते अकराशेपर्यंत आकडे घातलेली पाने, पत्ते पिसल्यासारखी. कित्येकांचा कोपरा छायाचित्रात कापला गेलेला. शिवाय बरीच पाने मोडीत.

यंत्राची हद्द इथे संपली. मग गावातल्या एका एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त कारकुनांना बोलावले. सारा गाव त्यांना नाना म्हणतो. मीही तेच म्हणू लागलो. मोडी त्यांना वडिलांनी शिकवलेली. त्यांनी चष्मा पुसला, पहिले पान पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, “अरे, हे तर पहिल्या हेडमास्तरांचे अक्षर. त्यांच्या ‘र’ला शेपूट असते. एकोणीसशे बत्तीसला ते गेले. हे पान त्याच्या अलीकडचे नाही.” पुढचे पान. “हे त्यांच्यानंतरचे. ह्यांची शाई नेहमी फिकी. काटकसरी माणूस, पाणी घालायचे.” तीन दिवस नाना रोज सकाळी आठाला येऊन बसत आणि पानामागून पान ओळखत. ते तरुण शिक्षक शेजारी बसून प्रत्येक पानाला नाव देत होते. दुसऱ्या दिवशी नाना त्यांना म्हणाले, “गुरुजी, तुम्ही डबा आणत जाऊ नका. माझ्याकडे दोघांची भाकरी येते.” ते ऐकून कचेरीत पहिल्यांदा कुणीतरी हसले.

पण ज्या पानासाठी एवढा खटाटोप, ते सबंध पानांत नव्हते. अर्धवटांतही नव्हते. आणि मुदतीचे तीन दिवस राहिले होते.

आता टंकलेली यादी होती ना, असे वाचक विचारतील. होती. पण ती पाहून नानांनी कपाळाला हात लावला. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी नुसते ‘कु.’ लिहिलेले असते. यादी करणाऱ्याने ते कित्येक ठिकाणी ‘कुंभार’ असे विस्तारून टाकले होते! एका टिंबाने अख्ख्या घराण्याची जात बदलली. अशी यादी पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे संकटाला निमंत्रणच.

वाट सापडली ती नानांच्याच बोलण्यातून. रजिस्टराच्या एका पानावर वीसेक मुलांच्या नोंदी असतात. म्हणजे त्या मुलीच्या आजोबांबरोबर त्याच आठवड्यात शाळेत आलेल्या एकोणीस मुलांची घराणी गावात किंवा आसपास असणार, आणि त्यांतल्या कुणीतरी गेल्या वर्षी उतारा नेला असणार. जिल्ह्याभर त्या दिवसांत उताऱ्यांची धांदलच होती. निरोप गेले. संध्याकाळी नेवाशाच्या बाजूच्या एका वस्तीवरून छायाचित्र आले. कुणा वेगळ्याच घरच्या मुलाने आपल्या पणजोबांच्या नोंदीसाठी ते पान मोबाइलवर घेऊन ठेवले होते. खालून सातवी ओळ या आजोबांची.

मोबाइलवरचे चित्र हा काही पुरावा नव्हे. शाळेला उतारा मूळ रजिस्टरावरूनच द्यावा लागतो. पण त्या चित्राने एक मोलाची गोष्ट सांगितली: रजिस्टर कितवे आणि पान कितवे. चिकटलेल्या गठ्ठ्यात कुठे हात घालायचा, हे कळले. जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्या एका गृहस्थांनी दीड दिवस खपून नेमके ते पान सोडवले. जुनी काळी शाई. पाण्याने कागद फुगला होता, अक्षर ढळले नव्हते. उतारा मिळाला, प्रकरण मुदतीत दाखल झाले.

या साऱ्या प्रकारात मला राहून राहून नवल वाटत होते ते याचे, की आपल्याच जिल्ह्यात ही गोष्ट फार पूर्वी, फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’. तो रचणारे म्हाइंभट याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी, लीळा, ज्यांनी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून, तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. कागद उलटे ठेवले तर चरित्रच हरवेल, अशा काळजीने केलेले काम. आणि पुढे हरवलाच! १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली. त्यानंतरच्या धामधुमीत महानुभाव मंडळी रानोमाळ झाली आणि ग्रंथाची मूळ प्रत लुटीत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते.

मग तो आज आपल्या हाती कसा? तर लोकांना पाठ होता म्हणून. हिराइसा नावाची एक साध्वी होती. एकदा ऐकले की तिच्या स्मरणातून जात नसे, अशी तिची ख्याती. तिच्या आणि इतर शिष्यांच्या मुखपाठांतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. अर्थात निरनिराळ्या स्मरणांतून आलेला मजकूर अक्षरशः एकच कसा असणार? म्हणून लीळाचरित्राचे ‘पाठ’ वेगवेगळे. इथे त्या जुन्या मंडळींनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांनी एक खोडून दुसरी ठेवली नाही. हा पाठ अमक्याचा, तो तमक्याचा, असे नावानिशी नोंदवले. अशा पाठभेदाला त्यांच्यात ‘वासना’ म्हणतात. आमच्या धंद्यात फाइल परत आली, की पहिला प्रश्न हाच पडतो. शुक्रवारची प्रत आणि कुणाच्या मोबाइलमधली प्रत यांत फरक निघाला तर खरी कोणती? घाईघाईने एकीवर दुसरी लिहून टाकणारे पुष्कळ. पुसून जाण्यात जेवढे नुकसान झाले नव्हते तेवढे अशा दुरुस्तीत होते.

सराळे सोडून नेवाशाला या. पैस खांबापाशी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. हा ग्रंथ हरवला नाही. त्याचे झाले ते उलट. प्रती इतक्या झाल्या आणि प्रत्येक नकलकाराने आपल्या समजुतीचा एवढा हात फिरवला, की ‘कु.’चे ‘कुंभार’ होऊ लागले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. मधे दोनशे चौऱ्याण्णव वर्षे गेली होती. काम झाल्यावर नाथांनी बजावून ठेवले, की यात कुणी आपली भर घालू नये. सामाईक ड्राइव्हवरच्या फायलीला ‘फक्त वाचा, बदलू नका’ असे कुलूप लावण्याची जी सोय असते, तिचा उपयोग करा म्हणून मी लोकांच्या कानीकपाळी ओरडतो तेव्हा मला नाथांची आठवण होते. नाथांचे लोक ऐकत होते. माझे ऐकत नाहीत, हा भेद आहेच.

परदेशांतही याहून निराळे घडत नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालले होते. कुणीतरी चुकीच्या जागी एक आज्ञा दिली आणि सामाईक साठ्यातून चित्रपटच पुसला जाऊ लागला. एकेक पात्र पडद्यावरून नाहीसे होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिले. बहुतेक सारा चित्रपट गेला. आणि बॅकअप तपासला तर तोही बिघडलेला. वाचवले ते गॅलिन सुसमन या बाईंनी. नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, घरी बसून काम करीत होत्या, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. ते यंत्र घोंगड्यांत गुंडाळून मोटारीतून कचेरीत आणले, अगदी तान्ह्या मुलासारखे. पुढे त्या चित्रपटाची कथाच वरिष्ठांना पसंत पडेना आणि बरेचसे काम नव्याने करावे लागले, हा भाग वेगळा. हिराइसा आणि सुसमनबाई यांच्यात सातशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघींकडली प्रत मुख्य घराबाहेर होती.

घरच्या वाचकांसाठी दोन शब्द. हल्ली पुण्याचा मुलगा, बंगळूरची सून आणि अमेरिकेतली लेक मिळून इंटरनेटवर कुटुंबाच्या छायाचित्रांचा एक फोल्डर ठेवतात. तोही सामाईक ड्राइव्हच. गुगलच्या ड्राइव्हमध्ये पुसलेली वस्तू तीस दिवस टोपलीत राहते आणि मग आपोआप जाते. तेव्हा ‘कुणीतरी शोधेल’ म्हणून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वाट पाहू नये. भाऊबीजेलाच सगळ्यांनी आपापली टोपली उघडून पाहावी. आणि बॅकअप ठेवता असे म्हणणाऱ्यांनी वर्षातून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखरी काढून पाहावी. त्या शाळेतली वेष्टनातली डिस्क मी अजून विसरलो नाही.

प्रत ठेवली, घराबाहेर ठेवली, तरी एक पेच राहतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेर शतकानुशतके कुणाला वाचता येईनात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा ते भांडार मोकळे झाले. माझ्या दुकानातल्या कपाटात आज अशीच एक डिस्क पडून आहे. एका संस्थेच्या सामाईक दप्तराची ती प्रत. संस्थेच्या हिशेबनिसांनी अत्यंत काळजीपूर्वक, दर शनिवारी घेतलेली, आणि चोरीच्या भीतीने कुलूपबंद केलेली. दप्तराचा संगणक विजेच्या झटक्याने जळाला त्याच महिन्यात ते गृहस्थ हृदयविकाराने गेले. ते कुलूप परवलीच्या शब्दाने उघडते, नाहीतर अठ्ठेचाळीस आकडी किल्लीने. किल्लीचा कागद कुठे सापडला नाही.

त्यांच्या पत्नी महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात येतात. पिशवीतून वहीचे पान काढतात. त्यावर नवे आठवलेले चारपाच शब्द असतात. लग्नाची तारीख झाली, मुलींची नावे झाली, पहिल्या स्कूटरचा नंबर झाला. परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, त्यांच्या लहानपणी घरी एक गाय होती. तिचे नाव मी नणंदेला विचारून आले आहे. कपिला. शेवटी काना आहे की नाही, ते मात्र इंग्रजीत कसे लिहायचे तुम्हीच बघा.”

मी दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिले. त्या पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.